आग्नेय कोपऱ्यातली वीट

अंकुर, ती गाडीची किल्ली खिशात ठेव. बाहेर फूटभर बर्फ आहे, टेकडीवरून घसरलास तर थेट खालच्या सिग्नललाच थांबशील. आज तुम्ही सगळे इथेच झोपा. शरयूने खिचडी टाकली आहे.

आणि पुढच्या आठवड्यात बँकॉकवरून पुण्याला चाललास म्हणालास ना? लेओव्हर मोठा आहे, अयुथया बघणार म्हणालास. बघ की. फक्त तिथलं काही उचलून आणू नकोस. चिमूटभर मातीसुद्धा नाही.

हसा. मीही हसलो असतो. जन्मभर विमानांच्या पंखांची गणितं केली मी, भुताखेतांशी आपलं कधी जमलं नाही. पण हे आपल्या हेमचंद्रचं आहे, दोन गल्ल्या सोडून राहतो तो.

दोन हजार सहाचा मे. व्हिसा स्टँपिंगसाठी तो इंडियात गेला होता. इथे घर बुक झालेलं, जुलैत ताबा. निघताना सुनेत्राने, म्हणजे त्याच्या बायकोने, एकच काम सांगितलं. "तुळशीबागेतून वास्तुपुरुषाची प्रतिमा आण. एक दिवस आईंच्या देवघरात ठेव आणि मग आण." तिचे आधी दोन गर्भ पडलेले, बिचारीला या घरात सगळं रीतसर हवं होतं. पठ्ठ्याने आईसाठी मायक्रोवेव्ह घेतला, मित्रांबरोबर मिसळ खाल्ली आणि प्रतिमा विसरला.

आठवलं कुठे, तर अयुथयात. परतताना बँकॉकला वीस तासांचा लेओव्हर, म्हणून सकाळच्या ट्रेनने गेलेला. चारशे वर्षं सयामची राजधानी होती ती, नाव आपल्या अयोध्येवरूनच. बर्माच्या सैन्याने जाळली. आता विटांचे उंच मनोरे, पडक्या भिंती आणि रांगेने बसलेले बुद्ध, बहुतेकांना मुंडकी नाहीत. ऊन मी म्हणत होतं. एका भिंतीच्या खाचेत हाताच्या अंगठ्याएवढा विटेचा तुकडा सुटा होता. मधोमध खळगा, जरासा माणसाच्या आकाराचा. तो मनाशी म्हणाला, दगडात देव असतो तसा विटेतही असेल. पंढरीचा तर विटेवरच उभा आहे! झाडणाऱ्या एका म्हातारीने पाहिलं, हातानेच खुणावलं, ठेव खाली. ह्याने मान डोलावली. ती वळली आणि तुकडा खिशात.

सुनेत्राला सांगितलं, पुण्याचा आहे, आईने पूजा केलेला.

वास्तुशांत झाली. दिवसा सॉफ्टवेअर टेस्टिंग करणारा आपला त्र्यंबक गुरुजी होता. कोटांच्या कपाटातली तळाची फळी उचलून दोघं खाली क्रॉल स्पेसमध्ये, म्हणजे घराखालच्या मातीच्या पोकळीत उतरले, आग्नेय कोपऱ्यात तुकडा पुरला. वर हळद, कुंकू, अक्षता. पूजेत त्याला काय विनवतात ठाऊक आहे? बाबा, या घरात स्थिर हो. इथून हलू नकोस.

आणि त्या दिवसापासून त्या घरात कुणाचा पाय ठरेना.

चहाला आलेली माणसं अर्धा कप ठेवून उठायची. मी स्वतः गेलो, दहा मिनिटांत किल्ली हातात. शरयू म्हणाली, "अहो, निघालात कुठे?" मला सांगता येईना. हेमचंद्र रात्री दोनला भानावर यायचा तेव्हा पायांत बूट आणि हात दाराच्या कडीवर. त्यात सुनेत्राला दिवस गेलेले होते. पाचव्या महिन्यात डॉक्टरने बजावलं, बेडरेस्ट, नाहीतर हेही मूल जाईल. आणि ती पडून राहीचना! रात्रभर झोपेत चालायची. जिना, किचन, दार… जिना, किचन, दार. हा तिचा हात स्वतःच्या मनगटाला ओढणीने बांधून झोपायचा. मग शरयूने तिला लोकरीचे मोजे विणून दिले, निदान पाय गार पडू नयेत. हिरवे. लोकर संपली म्हणून एका मोज्याची टाच मोहरी रंगाची केली.

गुरुवार, चौदा डिसेंबर. ते मोठं वादळ आठवतं ना, आठवडाभर लाइट नव्हते इथे? त्या रात्री. मध्यरात्र उलटल्यावर लाइट गेले. झाडं कडाकड मोडत होती. हेमचंद्रला जाग आली.

मनगटाला ओढणी होती. गाठ तशीच.

सुनेत्रा नव्हती.

टॉर्च घेऊन खाली आला. कोटांचं कपाट उघडं. फळी बाजूला. खाली उतरला… आग्नेय कोपऱ्यात खड्डा. रिकामा.

"सुनेत्रा!"

काही नाही. वारासुद्धा नाही. बाहेर झाडं हलताना दिसत होती म्हणे… पण घरात आवाज नाही.

मग पुढचं दार उघडलं. बाहेरून.

ती आत आली. बाहेर मुसळधार पाऊस, आणि तिचे केस कोरडे. नाइटगाउन कोरडा. एका पायात मोजा, दुसरा पाय उघडा.

"त्याला पोचवून आले," ती म्हणाली. "किती दिवस सांगत होता… आता झोपू दे मला."

अरे, तिला काहीच माहीत नव्हतं! अयुथया नाही, वीट नाही. याने जगात कुणालाही सांगितलं नव्हतं. पहाटे चारला माझ्या दारात येऊन रडत रडत सांगितलं, तेव्हा मला कळलं. मी गेलो. ती गाढ झोपली होती. पांघरूण सारून मी तिच्या उघड्या पायाचा तळवा टॉर्चमध्ये पाहिला. अंगणात गुडघाभर चिखल. आणि त्या तळव्याला कोरडी, लाल विटकरीची धूळ.

अकरा तास झोपली ती. त्यानंतर रोज झोपली. फेब्रुवारीत स्वानंदी झाली, पूर्ण दिवसांची, ठणठणीत. घर असं शांत झालं की आता आम्ही तिथून उठता उठत नाही.

"मग संपलं ना, काका?" नाही रे. मागच्या फेब्रुवारीत, स्वानंदी वर्षाची झाली तेव्हा, हेमचंद्र पुन्हा अयुथयाला गेला. क्षमा मागायला, रिकाम्या हाताने. तीच भिंत शोधली, तीच खाच. तुकडा जागेवर होता. त्याच्यावर कुंकू.

आणि शेजारी… शरयू, तो वरचा ड्रॉवर उघड गं. दे अंकुरच्या हातात.

त्याने हात जोडून विचारलं, हा आमचा आहे, नेऊ का? मगच उचलला. बघ, मोहरी टाच. तिथले चौदा महिने, ऊन आणि पावसाळा, पण रंग उडालेला नाही. धागा उसवलेला नाही.

आणि भिंतीत तो पडलेला नव्हता, पोरांनो. नीट घडी घालून ठेवलेला होता.