न सांगितलेलं गोत

यवतमाळहून घाटंजीला जाणाऱ्या एस.टी.त बसंतीला जागा मिळाली ती नेमकी एका चष्मेवाल्याशेजारी. त्याच्या मांडीवर हे एवढं जाडजूड पुस्तक. उघड्या पानावर बैलगाड्यांची लांबच लांब रांग.

"हा तांडा कोनचा जी?" तिनं न राहवून विचारलं.

"अमेरिकेचा. शंभर-दीडशे वर्षांआधीचा."

"यायच्या बैलायले वेसन नाही... बिनवेसनीचा बैल आयकते काय?"

तो बघतच राहिला. त्याच्या हैदराबादच्या विद्यापीठात एवढे प्रोफेसर, पण हे कुणाच्या नजरेत आलं नव्हतं.

नाव सेवादास, वणीकडच्या तांड्यातला, सध्या मुक्काम गावीच. अमेरिकेच्या अभ्यासात एम.ए. झालेला, आता तिकडच्या गाडीतांड्यांवर पीएच.डी. करत होता. बसंती घाटंजीजवळच्या तांड्यावर मास्तरीण. तिचे आजोबा खेमसिंग तरुणपणी बैलांच्या पाठीवर मीठ लादून मुलूखभर हिंडलेले. मग काय, दोन्हीकडच्या तांड्यांची तुलना करायची म्हणून सेवादास दर रविवारी वही घेऊन हजर! प्रश्न आजोबांना, नजर मात्र चुलीकडे.

खेमसिंगचा उलटा प्रश्न एकच, "गोत कोनतं?" गोर, म्हणजे बंजारा माणूस पाहुण्याला पाण्याआधी हेच विचारतो. पण हा शहाणा शिकून गोत सांगणारं आडनावच टाकून बसलेला.

"गोतबित मी मानत नाही, बाबा."

बसंतीच्या आईनं, लालीबाईनं, सरळ हिशोब लावला. "लपवते म्हंजे आपल्यासारखा राठोडच असंल. एका गोतात भाऊच लागते." श्रावणी पुनवेला तिनं लेकीच्या हातात राखी ठेवली. "बांध त्याले. लोकायची तोंडं बंद."

बसंतीनं राखी उलटीपालटी करून पाहिली. भाऊ? हा? दोन महिने ती कुणासाठी रविवारची वाट पाहत होती!

बाहेर भुरभुर लागलेली. सेवादास ओसरीवर चहा पीत होता.

"हात पुढं करा," ती म्हणाली.

"कायले?"

"राखी बांधाची हाये."

त्याचा चेहरा पांढराफटक. "पन मी... तुमचा भाऊ कायले..."

"गोत सांगा, नाही तं हात पुढं करा."

आई मागे उभी. बसंतीनं राखीचा दोरा ताणून धरला, नजर हलवली नाही.

"चव्हाण!" तो ओरडलाच. "चव्हाण हावो मी! माहा आजा चव्हाण, पणजा चव्हाण!"

खेमसिंगला हसताहसता ठसका लागला. "एवढं शिकला, अन् इतकंच सांगाले दोन महिने?"

"अजून एक सांगाचं हाये..." सेवादास बसंतीकडे बघून म्हणाला, "पीएच.डी.ले दोन वर्षं लागतीन. मंग मागनी घालाले येतो. थांबसान?"

लालीबाई आत जाऊन तोंड गोड करायला साखर घेऊन आली.

बसंतीनं त्याच्याजवळचं जाडजूड पुस्तक उचललं आणि त्यालाच राखी बांधली.

"आता हा माहा भाऊ. म्हंजे तुमचा साळा. याले अर्ध्यात सोडसान, तं माह्याशी गाठ हाये."

सेवादासनं साळ्याला दोन्ही हातांनी छातीशी धरलं आणि एस.टी. गाठली.