चौथ्या मजल्यावरच्या गोळ्या

"हिचा दोर घासतोय," इस्पितळाच्या लिफ्टच्या भिंतीला कान लावून शेजारी उभा असलेला माणूस बाईंना म्हणाला. झालं, बाई पहिल्याच मजल्यावर उतरल्या आणि उरलेले जिने चढून मेटाकुटीला आल्या. चौथ्या मजल्यावर तो बाकावर आरामात बसलेला.

"अहो, घासतोय म्हटलं. तुटतोय कुठे म्हटलं?"

त्यानं जन्मभर लिफ्ट दुरुस्त केल्या होत्या. बाई पुस्तकं बांधायच्या. साठी उलटलेल्यांना हार्मोन्स दिली तर आयुष्य वाढतं का, हे तपासणाऱ्या अभ्यासात दोघांनी नाव घातलं होतं. बाईंना गोळी, त्याला मलम. खरं औषध कुणाला आणि नुसतं नावाला कुणाला, हे दोन वर्षं कुणालाच कळणार नव्हतं.

दर महिन्याला तो बाईंचं डोकं खायचा. तब्येतीचा अर्ज भरताना त्यातले प्रश्न मोठ्यानं वाचायचा.

"'चिडचिड होते का?' तुमचं मीच लिहू?"

"तुम्ही गप्प बसलात तर होणार नाही."

तरी बाईंना हल्ली शांत झोप लागत होती. गोळी लागू पडली, असं त्यांनी सुनेला सांगूनही टाकलं.

शेवटच्या महिन्यात डॉक्टरीणबाईंनी कुणाला काय दिलं होतं त्याची पाकिटं फोडली. बाईंची गोळी नुसती खडूची निघाली.

"दोन वर्षं मी खडू गिळला?" बाई बाहेर येऊन धुमसल्या. "मग झोप कशानं लागत होती?"

"माझं मलम खरं होतं," तो हळूच म्हणाला, "आणि झोपेचं पार खोबरं झालंय... कशानं, ते विचारू नका."

बाईंनी विचारलं नाही. पण कानाच्या पाळ्या तापल्या — आणि त्याचाही त्यांना रागच आला.

इतक्यात डॉक्टरीणबाई दोन कागद घेऊन आल्या. "आयुष्य वाढतं का, ते कळायला अजून दहा वर्षं लागतील. तोवर दरवर्षी फोन करून विचारू, बरे आहात ना म्हणून. नंबर लिहा."

त्या आत गेल्या. त्यानं पेनाचं टोपण काढलं.

"दोन-दोन फोन कशाला करायला लावायचे त्यांना... एकाच घरी केला तर?"

"मागणी अशी घालतात? अर्जावर?"

"दोन वर्षांत नीट बोलू कधी दिलंत?"

बाईंनी त्याचा कागद पुढ्यात ओढला आणि त्यावर स्वतःचा नंबर लिहिला.

"फोन मी उचलणार," त्या म्हणाल्या. "तुम्ही जिवंत आहात, एवढं सांगायलाच अर्धा तास घ्याल."