पाचवा ठिपका

सियालदहच्या बाजारात कोवळ्या पालकाची शेवटची टोपली दोघांनी एकदमच धरली. कालिंदीने ओढली, समोरच्यानेही ओढली... आणि तो पुटपुटला, "अरे देवा!"

"तुम्ही मराठी?"

"बागबाजारचा मराठी," तो ओशाळला. "तीन पिढ्या इथेच. भाषा थोडी गंजली आहे."

हा चारुदत्त. निघाला तिच्याच प्रयोगशाळेत त्या आठवड्यात रुजू झालेला! टोपली मग रिक्षातून दोघांच्या मध्ये बसून गेली.

काम चिकाटीचं होतं. पालकाच्या हिरव्या कणांतला, म्हणजे हरितलवकांतला डीएनए वेगळा काढायचा आणि त्यावर मिथाइलची खूण आहे का, ते बघायचं. नसेल तर कागदावर डीएनएच्या चार घटकांचे चार ठिपके. असेल तर फिकट पाचवा. पेशीच्या केंद्रकातल्या डीएनएवर ही खूण असतेच, हरितलवकांत मात्र ती नसते, असं सगळे मानत. कालिंदीला पाचवा ठिपका हवा होता. गार्डन रीचच्या रेल्वे ऑफिसातून बाबांची बदली बिलासपूरला झाली होती. ते म्हणाले होते, "काही हाती लागलं तर हॉस्टेलवर राहा. नाहीतर चल आमच्याबरोबर."

मार्चमध्ये पाचवा ठिपका उमटला. प्रयोगशाळेचे प्रमुख असलेले सर हा शोध कळवणारं पत्र संशोधन-नियतकालिकाला लिहायला बसले. कालिंदी हरखून गेली. चारुदत्त मात्र तिची नजर चुकवू लागला.

दोन आठवड्यांनी तो तिच्या टेबलाशी आला. "ठिपका उमटला त्याच्या आधीच्या शनिवार-रविवारी लोडशेडिंग होतं. फ्रिज बंद होता."

"तुम्हाला कसं कळलं?"

"मी त्यात मिठाई ठेवली होती, छेन्याचा बंगाली संदेश. सोमवारी आंबलेला निघाला. मी गुपचूप फेकून दिला." तो थांबला. "तुमचं एन्झाइमही तिथेच होतं..."

कालिंदीच्या लगेच लक्षात आलं. हरितलवकांना बाहेरून चिकटलेला केंद्रकाचा डीएनए ते एन्झाइम खाऊन टाकायचं. तेच मेलं असेल, तर ती खूण केंद्रकाची!

"आणि इतके दिवस गप्प बसलात?"

"तुम्ही थांबणार होता ना इथे... म्हणून."

ती त्याच्याशी चार दिवस बोलली नाही. नवं एन्झाइम मागवलं, नवा पालक आणला, रात्रंदिवस खपली. कागदावर ठिपके उमटले चार. तिने स्वतः सरांना सांगितलं आणि पत्र रद्द झालं. मग जिन्यात बसून ती पोटभर रडली. चारुदत्त दोन पायऱ्या खाली उभा होता.

"तो संदेश प्रयोगशाळेत कशाला आणला होतात?" तिने डोळे पुसत विचारलं.

"तुमच्यासाठी. द्यायचा धीर झाला नाही."

ती पायरीवरून उठली.

"रविवारी आमचं सामान बांधायचंय," ती म्हणाली. "घरी या."

रविवारी तो आला. खोलीभर ट्रंका, बोचकी, सुतळ्या. त्याने बाबांपुढे मिठाईचा डबा धरला. "आजचाच आहे. फ्रिजमध्ये ठेवलेला नाही."

बाबा बुचकळ्यात पडले. कालिंदी पुढे झाली.

"बाबा, ठिपका खोटा ठरला. तो खोटा आहे, हे यांनी सांगितलं. माझं जाणं ठरेल, हे माहीत असून सांगितलं. मला इथेच राहायचंय... यांच्यासोबत."

बाबांनी दोघांकडे पाहिलं. मग बांधायच्या राहिलेल्या एकमेव खुर्चीवरची सुतळी उचलून बाजूला ठेवली.

"बसा," ते चारुदत्तला म्हणाले.