तो कौल, ते कौल

देशातली विमानं एकमेकांना विचारून उडायला लागली, त्याला तेव्हा दहाएक वर्षं होत आली होती. उपग्रहांची पत त्याआधीच गेली होती. कोणीही टवाळखोर गच्चीवर खोटे संदेश सोडणारं यंत्र मांडायचा, आणि नागपूरला निघालेल्या विमानाला आपण अरबी समुद्रावर असल्याचा साक्षात्कार व्हायचा. तसं प्रत्येक विमानाच्या पोटात स्वतःचं दिशायंत्र असतंच. किती वेगाने गेलो, कुठे वळलो याचा हिशेब मनात ठेवून ते आपली जागा सांगतं. पण हा हिशेब हळूहळू घसरतो. कुणाचा डावीकडे, कुणाचा उजवीकडे.

डॉ. श्रीपती आगाशे म्हणाले, घसरू दे की. सगळ्यांच्या चुका एकत्र केल्या की डावी उजवीला खाऊन टाकते. म्हणून प्रत्येक विमानाने आपली जागा आणि शेजाऱ्याचं अंतर सगळ्यांना सांगायचं, आणि बहुमताने येईल तीच जागा खरी मानायची. देवासमोर लावतात तसा हा आकाशासमोर लावायचा, म्हणून या यंत्रणेचं नाव पडलं 'कौल'. जे विमान कौल मानणार नाही ते 'हेकट' ठरे. तिसऱ्यांदा हेकट ठरलं की वैमानिकाच्या हातातलं नियंत्रण काढून घेतलं जाई. सहवैमानिकाची खुर्ची तर कौलाने केव्हाच खाल्ली होती. पुढच्या काचाही झाकल्या आणि तिथे पडदा बसवला. त्यावर कौल सांगेल ते दृश्य दिसे. त्यातले ढगसुद्धा इस्त्री केल्यासारखे असत.

कोकणात आडबंदरला नवा विमानतळ झाला, तेव्हा पहिलं विमान न्यायला कॅप्टन ऋजुता नेरूरकर मिळाली. आडबंदर तिचं गाव. मागच्या खुर्चीवर मानाचे पाहुणे म्हणून खुद्द आगाशे बसले होते.

आता कोकणातली बाई आपल्या गावावरून जाणार आणि आपलं घर बघणार नाही, असं होतं का? बाजूला एक लहानशी काच उरली होती, तिच्यावरचं झाकण ऋजुताने नखाने वर केलं. खाली गाव असायला हवं होतं. खाली मासेमारीच्या होड्या होत्या. लाल कौलांची घरं पार मागे, किनाऱ्यापलीकडे राहिली होती. आणि विमान निवांत खाली उतरत होतं.

तिने सांगितलं, आपण समुद्रावर आहोत. डॉक्टरांनी पडद्याकडे बोट केलं. पडद्यावर धावपट्टी अजून पुढे होती.

"शंभर विमानं सांगतायत, बाई."

"त्या शंभरातलं एकतरी माझ्या आतेच्या अंगणात जेवलंय का?"

तिने कौलाला नकार दिला. पडद्यावर आलं: हेकट, एक. विमान उतरतच राहिलं. पुन्हा नकार दिला. हेकट, दोन. मग डॉक्टर पुढे झुकले, त्या लहान काचेला डोळा लावला आणि तसेच राहिले. होडीवरचा एक माणूस हात हलवत होता, इतकं पाणी जवळ आलं होतं.

ऋजुताने तिसरा नकार दिलाच नाही. हात खाली घातला आणि कौलाचा फ्यूजच उपटला. पडदा काळा झाला. झाकण पुरतं तोडून, मान वाकडी करून, त्या वीतभर काचेतून बघत तिने विमान वर उचललं, वळवलं आणि आतेच्या घरावरच्या कौलांची खूण धरून, त्यांच्या पश्चिमेला असलेल्या धावपट्टीवर टेकवलं. प्रवाशांनी टाळ्या वाजवल्या. त्यांना वाटलं, समुद्रदर्शन भाड्यातच होतं.

शंभर जण एकदम कसे चुकतात, हे तिने खाली उतरल्यावर विचारलं.

"शंभर माणसांनी आपापल्या घड्याळात बघून वेळ सांगितली तर ती शंभर घड्याळं," डॉक्टर म्हणाले. "पण प्रत्येकाने शेजाऱ्याच्या घड्याळावरून आपलं लावून घेतलं असेल, तर ते एकच घड्याळ. जो वेगळा पडला त्याला आम्ही बहुमतात ओढला. दहा वर्षं ओढतोय. सगळं आकाशच सरकलंय."

मग इतकी वर्षं विमानं नीट कशी उतरली? तर जुन्या धावपट्ट्यांच्या जागाही नकाशात कौलानेच सुधारल्या होत्या. आकाशाबरोबर नकाशा सरकत गेला, कुणाला पत्ताच नाही. आडबंदरची धावपट्टी तेवढी मोजणीवाल्यांनी जमिनीवर उभं राहून मोजलेली.

"सगळी विमानं एक दिवस खाली बसवा आणि दुरुस्त करा," ऋजुता म्हणाली.

"म्हणजे दहा वर्षं चुकलो हे सांगावं लागेल."

"मग सांगा."

चौकशी समितीपुढे ती एकच वस्तू घेऊन गेली. आतेच्या पडवीवरचं एक कौल. ते तिने टेबलावर ठेवलं. "तो कौल तुमचा. हे कौल माझं. हे कुणाला विचारून जागा बदलत नाही."

अध्यक्ष म्हणाले, कौल चुकला असं ज्यांना वाटतं, त्यांनी हात वर करावा. ऋजुताचा हात वर होताच. डॉक्टर आगाशेंनी आधी डावीकडे पाहिलं, मग उजवीकडे, आणि वर निघालेल्या हाताने चष्मा सारखा केला.

ठरलं असं की आडबंदरची धावपट्टी चुकीच्या जागी आहे. धावपट्टी उचलता येत नाही, म्हणून नकाशात ती पूर्वेला सरकवली, थेट गावावर. ऋजुताला कळवलं, चूक मान्य करा आणि परवाना घेऊन जा. तिने परवाना त्यांच्याकडेच राहू दिला आणि गावी गेली.

आठवड्याने एक अधिकारी आला. फोनवरचा नकाशा बघत बघत आतेच्या अंगणात उभा राहिला आणि म्हणाला, आजी, तुम्ही धावपट्टीवर उभ्या आहात, घर उतरवावं लागेल.

आतेने त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "मगे धावान दाखय."

तो हसला आणि पुढच्या घरी गेला. तिथले लोक हसले नाहीत. त्यांनी आपापले फोन काढले, एकमेकांचे पाहिले. सगळ्यांच्या फोनवर धावपट्टीच होती. थोड्या वेळाने पलीकडच्या घराला शिडी लागली आणि कौलं खाली येऊ लागली. ते पाहून त्याच्या शेजाऱ्याने शिडी लावली. ते पाहून त्याच्या शेजाऱ्याने.

ऋजुताही शिडी घेऊन आली. आतेच्या पडवीवर चढली आणि समितीपुढे नेलेलं ते कौल परत त्याच्या जागी बसवलं. वरून बघितलं तर गावात लाल एवढंच घर उरलं होतं.