एका हाकेच्या तीन याद्या

शेवंती घाडी भोईवाड्यातल्या तपास-ऑफिसात शिरल्या तेव्हा दोन वाजून गेले होते. तिथल्या मदतनिसाने, उन्मेषने, खुर्ची पुढे केली, ती त्यांनी हाताने बाजूला सारली.

“मी बसूक येवक नाय. पाच वाजता यादी सील होतली आणि माझा नाव तेच्यात नाय.”

डिलाईल रोडवरच्या कामतेकर चाळीचं पुनर्बांधकाम होणार होतं. पात्र भाडेकरूंच्या यादीत नाव असेल त्याला नवीन इमारतीत घर, नसेल त्याला काही नाही. शेवंतीकाकूंनी त्या चाळीत सत्तेचाळीस वर्षं काढली होती. नवरा गुणाजी गिरणीत होता, तो त्याच खोलीत गेला.

“विचारायला गेलात?” दुर्गा परुळेकरने चष्मा वर केला. खासगी तपासाच्या धंद्यात तिला बारा वर्षं झाली होती आणि अशा कहाण्या ऐकून तिचा राग कमी होण्याऐवजी वाढतच चालला होता.

“चार येळा गेलंय. म्हणतत, कॉम्प्युटर नाव दाखवीत नाय.”

दुर्गा उठली. “चल उन्मेष. कॉम्प्युटरच्या नावावर पाप खपवणारे लोक मला डोळ्यांसमोर नको असतात.”

चाळीच्या जिन्याखाली नोटीस बोर्ड होता. कामतेकर चाळीत बोर्डावर लागलं नाही ते घडलंच नाही. पाणी कधी येणार, कोण वारलं, गणपतीची वर्गणी कोणाकडे द्यायची, सगळं तिथेच. लोक बोर्ड वाचून गप्प घरी जात. दुर्गाला त्या गप्प बसण्याचाही राग आला.

बोर्डावर दोन कागद होते. उन्मेषने पहिला मोठ्याने वाचला.

“‘कागदपत्रं देण्याची मुदत एकतीस मार्च. त्रुटी असल्यास, तशी यादी प्रसिद्ध झाल्यापासून पंधरा दिवसांत पूर्तता करावी. दावा नसलेल्या खोल्यांबाबत समिती निर्णय घेईल.’ नेहमीचं सरकारी दळण.”

“आणि दुसरा?”

“पात्र यादी. एकशे अडुसष्ट नावं. खोली, नाव, शेवटचा कागद दिल्याची तारीख.” त्याने बोट खाली नेलं. “सगळ्या तारखा मार्चच्या. एक सोडून. खोली बारा, सुशांत राणे, नऊ एप्रिल. टायपिंगची चूक असेल.”

“चाळीत खोल्या किती, काकू?”

“एकशे ब्याण्णव.”

दुर्गाने आकडे हातावर पेनाने लिहिले. वही विसरणं ही तिची जुनी खोड होती.

समितीच्या खोलीत कॉम्प्युटरसमोर ललिता बसली होती. तिने न विचारताच शेवंतीकाकूंचं नाव टाइप करून दाखवलं. स्क्रीनवर आलं, ‘नोंद सापडली नाही.’

“मी काय करू, ताई? स्क्रीनवर येतं ते छापते. सकाळपासून शिव्या खातेय.”

“मुदतीनंतर कुणाचा कागद घेतलास?”

“तात्यांनी सांगितल्याशिवाय मी कुणाचाच घेत नाही.”

“नवीन सिस्टीम आली तेव्हा तू इथे होतीस?”

“दोन एप्रिलला डेमो झाला. मी रजेवर होते, मुलीची परीक्षा होती.”

कोपऱ्यात लॅपटॉप घेऊन बसलेला निलेश फणकारला. चाळीची सगळी माहिती ज्या डेटाबेसमध्ये होती, तो त्याने बनवला होता. “माझ्याकडे बघू नका, मॅडम. एकही नाव डिलीट झालेलं नाही. माझं प्रोसीजर बरोबर चालतं. इथेच डेमो दिला, ज्यांना बघायचं होतं त्यांनी बघितलं.”

“प्रोसीजर म्हणजे?” उन्मेषने विचारलं.

“डेटाबेसमध्ये लिहून ठेवलेलं काम. एक हाक मारली की सगळी उत्तरं देतं.”

“आणि हा छापायचा प्रोग्रॅम?”

“तो बिल्डरच्या माणसांचा. त्याच्याशी माझा संबंध नाही.”

“हाच,” उन्मेष दुर्गाच्या कानाशी लागला. “यानेच नावं उडवली.” उन्मेषला रागीट माणूस नेहमी गुन्हेगार वाटतो. त्या हिशेबाने दुर्गा जन्मठेपेत असायला हवी होती.

तेवढ्यात समितीचे अध्यक्ष तात्या राणे आले. पांढरा शर्ट, खिशाला दोन पेनं. शेवंतीकाकूंकडे त्यांनी पाहिलंही नाही.

“दुर्गाबाई, मी चौथी शिकलेला माणूस. कॉम्प्युटरसमोर आयुष्यात बसलो नाही. बोर्डावर लागलं तेवढं मला ठाऊक. पण आता एकोणीस घरांसाठी आख्खी चाळ अडवून ठेवू काय? पाच वाजता यादी जाणार.”

दुर्गाने हातावरचे आकडे पाहिले आणि तिचा आवाज एकदम शांत झाला. उन्मेष दोन पावलं मागे सरकला. ती शांत झाली की कुणाची तरी धडगत नसते.

“काकू, बोर्डावर ज्यांची नावं नाहीत त्या सगळ्यांना बोलवा. निलेश, तुझं प्रोसीजर इथे चालव, तुझ्या लॅपटॉपवर.”

चार वाजून दहा मिनिटांनी दाराबाहेर माणसं दाटली. निलेशने एक ओळ टाइप केली आणि बटण दाबलं. स्क्रीनवर एकाखाली एक तीन तक्ते उमटले.

“पहिला?” दुर्गाने विचारलं.

“पात्र. एकशे अडुसष्ट.”

“दुसरा?”

“त्रुटी. म्हणजे एखादा कागद कमी असलेले. एकोणीस. तिसरा अपात्र, पाच. खोल्या विकून गेलेले.” निलेशचं बोट दुसऱ्या तक्त्यावर थांबलं. “घाडी शेवंती गुणाजी. पतीच्या मृत्यूचा दाखला बाकी.”

“मग ललिताच्या स्क्रीनवर का नाही?”

निलेशचा चेहरा उतरला. “एका हाकेला तीन याद्या येतात, पण एकामागून एक. पहिली वाचून झाली की पुढची मागावी लागते. तो प्रोग्रॅम पहिली घेतो आणि बंद होतो.”

“तीन कप्प्यांचा डबा, वरचा कप्पा खाऊन बाकीचा तसाच धुवायला टाकला,” दुर्गा म्हणाली. “आणि तू, शहाण्या, तुझं बरोबर आहे म्हणत बसलास. जिन्याखालच्या बोर्डापर्यंत एकदा तरी चालत गेलास का?”



“म्हणजे चूक मशीनची,” तात्या म्हणाले. “कुणाचा दोष नाही.”

“चूक मशीनची होती, तात्या, दोन एप्रिलपर्यंत. नंतरची तुमची.” दुर्गा त्यांच्यासमोर उभी राहिली. “बोर्ड वाचणारा माणूस एकशे ब्याण्णवातून एकशे अडुसष्ट वजा करील. येतात चोवीस. तुम्ही म्हणालात एकोणीस. तो आकडा बोर्डावर नाही, ललिताच्या स्क्रीनवर नाही. तो फक्त या दुसऱ्या तक्त्यात आहे.”

दुर्गाने हातावरचा पुढचा आकडा वाचला.

“खोली बारा. सुशांत राणे तुमचा कोण?”

“पुतण्या तेंचो,” दारातून शेवंतीकाकूंनी उत्तर दिलं.

“त्याने नऊ एप्रिलला कागद दिला. कागद कमी आहे हे चाळीत कुणालाच कळवलं नव्हतं, मग त्याला कसं कळलं? ललिता, तो कागद कोणी आणून दिला?”

“तात्यांनी.” ललिताचा आवाज चढला. “जुना आहे, राहून गेला होता म्हणाले. मी चढवला.”

“निलेश, डेमोला कोण होतं?”

“फक्त तात्या. त्या दिवशी दुसऱ्या तक्त्यात वीस नावं होती. मी म्हटलं, ही यादीपण बोर्डावर लावा. ते म्हणाले, लावतो.”

“वीसातून पुतण्या काढला, उरले एकोणीस. त्यांना न कळवता पाच वाजू दिले की त्या खोल्यांवर दावा नाही, निर्णय समितीचा. समिती म्हणजे तुम्ही.” दुर्गाने येताना बोर्डावरून काढून आणलेला पहिला कागद त्यांच्या छातीशी धरला. “पण हे वाचायचं राहिलं. पंधरा दिवस त्रुटींची यादी प्रसिद्ध झाल्यापासून. ती यादी अजून प्रसिद्धच झालेली नाही. मुदत आज सुरू होते. सील करून बघा, उद्या भोईवाड्याच्या कोर्टात मी पहिल्या बाकावर बसलेली असेन.”

ललिताने न सांगता प्रिंटरमध्ये कागद घातला. निलेशच्या लॅपटॉपवरून दुसरी यादी बाहेर आली. शेवंतीकाकूंनी ती घेतली, तात्यांच्या हातात दिली.

“बोर्डार मागसून लाव. आधी वाच.”

“काकू, मी…”

“वाच रे. चौथी शिकलंस मां?”

तात्या वाचू लागले. गिरणीत हजेरी घेतात तसं एकेक नाव, आणि प्रत्येक नावाला बाहेरून उत्तर येत होतं. “हाय.” “आहे.” “हजर.” घाडी शेवंती गुणाजी म्हटल्यावर काकूंनी पिशवीतून नवऱ्याचा दाखला काढून टेबलावर आपटला.

अठराव्या नावाला कुणी ओ दिली नाही.

“नलू सावंत,” तात्यांनी पुन्हा वाचलं.

“ती गेली गावाक,” काकू म्हणाल्या. “नाव नाय म्हणून खोलीची चावी तुझ्याच हातात देवन गेली. रडत गेली. तेवा तुझ्या खिशात ह्यो आकडो होतो.”

काकूंनी तात्यांच्या खिशाकडे बोट केलं.

“फोन लाव तिका. आमी नाय सांगणार. तू सांग.”

तात्यांनी फोन काढला. काकूंनी तो स्पीकरवर टाकायला लावला. चार-पाच रिंग झाल्या, मग पलीकडून थकलेला आवाज आला.

“कोण बोलता?”

“मी तात्या राणे,” ते म्हणाले. “नलू, तुझं नाव यादीत आहे.”