पाच रविवारांची चढण

"चाक हवेत गेलं ना, की गाडी ऐकत नाय कुनाचं. कितीबी रेस करा."

आवाज आला तो थेट गवतातून. निदान श्वेताला तरी तसंच वाटलं. तिने जीपमधून मान बाहेर काढली, तर डोक्यावर हिरव्या गवताचा हा एवढा भारा घेतलेला कुणीतरी वाटेच्या कडेला उभा. भाऱ्याखाली फक्त दोन डोळे दिसत होते, आणि ते चक्क हसत होते.

"कळतंय मला," ती फणकाऱ्याने म्हणाली. "मेकॅनिक आहे मी."

"मंग बरं हाय. मला वाटलं, रस्ता चुकलात."

"इथे रस्ता आहे कुठे चुकायला?"

आता या मुलीचा राग तुम्ही समजून घ्यायला हवा. शहापूरला हायवेलगत बाळारामकाकांचं गॅरेज आहे, तिथे ती काम करते. आयटीआय झालेली. आसपासच्या चार गॅरेजांत अशी दुसरी मुलगी नाही, आणि हे तिला कुणी सांगावं लागत नाही. ठाण्याच्या एका गिऱ्हाइकाची जुनी जीप तिने स्वतःच्या हाताने डोंगरवाटांसाठी तयार केली होती. उंच सस्पेन्शन, मोठ्या दातांचे रुंद टायर, पुढे ओढायला विंच... काय नव्हतं त्या गाडीत. अट एकच होती. विंचची दोरी न लावता मुरबाडच्या डोंगरातली उंबरवाडीची दगडी चढण गाडीने आपली आपण चढायची, आणि तेही दसऱ्याच्या आत. गाडी चढली, तर यापुढे गॅरेजमधलं डोंगरगाड्यांचं सगळं काम श्वेताच्या हाताखाली द्यायचं, असं काकांनी कबूल केलं होतं. नाही चढली, तर गिऱ्हाईक गाडी ठाण्याला नेणार आणि श्वेता पुन्हा ऑइल बदलायला बसणार.

आणि पहिल्याच रविवारी, निम्म्या चढणीवर, एका गुडघाभर उंच कातळाच्या पायरीपाशी ही जीप एक पाय वर करून उभी होती.

त्याने भारा खाली उतरवला. तेव्हा श्वेताला तो नीट दिसला. सावळा, उंच, केसांत गवताच्या काड्या. नाव भगीरथ. वरच्या वाडीतला. भातशेती, दोन बैल आणि घरात आई, सावळी.

"उतरवू या मागं," तो म्हणाला. "मी हात दाखवतो. उजवीकडं घ्या."

तिने उजवीकडे घेतलं. मागचं चाक धप्पदिशी चरात गेलं.

"उजवीकडं सांगितलं ना."

"उजवीकडेच घेतलं. कुणाच्या उजवीकडे?"

त्याने वर केलेला हात खाली घेतला. स्वतःच्या हाताकडे बघितलं, तिच्याकडे बघितलं, आणि मग कानापर्यंत लाजला. "आमी बैलांच्या मागून चालतो," तो म्हणाला. "बैलाचा उजवा तोच आमचा उजवा. असं फुडं तोंड करून कुनाला हाकायची सवय नाय."

"म्हणजे मी बैल का?"

"तसं नाय... मॅडम."

पण हसला मात्र. आणि मग त्याने काय करावं? सरळ पाठ फिरवली, दोन्ही हात वर केले आणि तिच्याकडे न बघता, जीपच्या तालावर पावलं टाकत ती चरातून बाहेर काढली. डोंगरगाडीचा नियमच आहे, समोरचा माणूस वाट दाखवत असेल तर चालवणाऱ्याने दुसरीकडे बघायचं नाही. फक्त त्याचे हात. श्वेता बघत राहिली. पाऊस जाता जाता भुरभुरत होता, त्याच्या मनगटावरून पाणी ओघळत होतं, आणि चढणीच्या दोन्ही अंगांना सोनकी फुलली होती. गाडी सपाटीवर येऊन थांबल्यावर जरा वेळाने तिच्या लक्षात आलं की आपण मघापासून ब्रेकवर पाय ठेवून नुसतेच बसलोय.

त्या आठवड्यात तिने गाडीला लॉकर बसवला. लॉकर म्हणजे काय, ते सांगते. साध्या गाडीचं एक चाक हवेत गेलं की तेच वेड्यासारखं गरगर फिरतं आणि जमिनीवरचं दुसरं ढिम्म बसून राहतं. लॉकरचं बटण दाबलं की दोन्ही चाकं एकदम फिरतात, आणि जमिनीवरचं चाक गाडी उचलून नेतं. बस्स. ती पायरी आता अडचण राहिली नव्हती.

दुसऱ्या रविवारी बाळारामकाका पायथ्याच्या टपरीवर चहा घेत बसले. गुडघ्यांमुळे त्यांना वर चढवत नव्हतं. श्वेता जीप घेऊन निघाली. पहिल्या वळणावर भगीरथ उभा होता. आज गवत नव्हतं, धुतलेला शर्ट होता.

"तुमी येनार माहीत होतं."

"कसं काय?"

"आवाजावरून. तुमची गाडी खोकते."

"गाडी खोकत नाही. सायलेन्सर बदललाय."

"मंग खोकलाच बदललाय."

ती हसली. नको तेवढं हसली. पायरीपाशी पुढचं चाक चढलं, मागचं उजवं हवेत गेलं, आणि श्वेताचं बोट बटणापाशी गेलं. समोर भगीरथ आज तिच्याकडे तोंड करून उभा होता. आठवडाभर त्याने बहुतेक सराव केला असावा, कारण डावं-उजवं एकदाही चुकलं नव्हतं. तो बघत होता. चाकाकडे नाही, तिच्याकडे.

तिच्या मनात आलं, ही पायरी चढली की वर वाडी. वाडी आली की टेस्ट संपली. आणि मग इथे यायचं कशाला?

तिने बटण दाबलं नाही. चाक कातळाच्या कडेला घासत गरगर फिरलं, धूर निघाला, जीप मागे आली.

"परत यावं लागणार," ती म्हणाली, आणि आवाज दुःखी काढायचा प्रयत्न केला. तो फारसा जमला नाही.

"हां..." तो म्हणाला. "यायला तर लागनारच."

तिसऱ्या रविवारी तिने सस्पेन्शनला दोष दिला. चौथ्या रविवारी टायरच्या हवेला. दोन्ही वेळा काकांना खाली येऊन खोटं सांगताना तिचे कान गरम झाले, पण वर असताना ते काही आठवायचंही नाही. भगीरथ जांभळीखाली बसून तिला कुठलं पाखरू कुठं अंडी घालतं ते सांगायचा, आणि ती त्याला गिअरबॉक्स समजावून सांगायची. सावळीने एकदा नाचणीची भाकरी आणि करटुल्यांची भाजी पाठवली. भाकरी मोडता मोडता तो पहिल्यांदा "तू" म्हणाला. म्हणाला आणि थांबला.

"चुकून आलं."

"राहू दे," श्वेता म्हणाली. "तेच बरं वाटतं."

त्याने उरलेली भाकरी दोघांत वाटली. खालच्या खाचरांत भात पिवळं पडायला लागलं होतं आणि डोंगराच्या खांद्यावरून धुकं उतरत होतं. तिला वाटलं, हा रविवार असाच कुठेतरी ठेवून द्यावा, संपूच नये.

संपला. आणि शुक्रवारी गॅरेजमध्ये बाळारामकाका जीपच्या मागे उकिडवे बसलेले तिला दिसले. एकदा उजव्या टायरवर हात फिरवत होते, एकदा डाव्या.

"श्वेता, इकडं ये गो जरा."

ती गेली.

"उजव्याचे दात बघ. झिजून गोल झालेत. आन डावा बघ, नवा कोरा. लॉकर लागला असता तर दोन्ही सारखे घासले असते." त्यांनी हात पुसले. "तीस वर्षं गाड्यांखाली काढली मी. लॉकर बिघडलाय, का दाबतच नाय?"

श्वेताला खोटं बोलता आलं असतं. पण टायर समोर होते. "दाबत नाही," ती म्हणाली.

काकांनी कारण विचारलं नाही. टपरीवर बसून त्यांनी तीन रविवार वरून येणारं हसणं ऐकलं असणार. "दसरा मंगळवारी," ते एवढंच म्हणाले. "गिऱ्हाइकाचा फोन आला होता. या रविवारी नाय चढली तर सोमवारी न्यायला येतोय. पोरी, तुझ्या हातचं काम चांगलं हाय. ते तूच नापास करतेस, हे मला नाय बघवत."

त्या दोन दिवसांत तिला धड जेवण गेलं नाही. काम हवं होतं. ते तिचं होतं, हाताला काळं लावून मिळवलेलं. आणि तोही हवा होता. दोन्ही एका बटणावर येऊन बसले होते.

पाचव्या रविवारी आभाळ स्वच्छ होतं. भगीरथ पुढे चालत होता, हात दाखवत होता. पायरीपाशी चाक हवेत गेलं. श्वेताने त्याच्याकडे बघितलं. मग मनाशीच म्हणाली, जाऊ दे, आणि बटण दाबलं.

दोन्ही चाकं एकदम फिरली. जीपने एक हुंदका दिला आणि बाजूला झालेल्या भगीरथला मागे टाकून पायरी चढून गेली. पुढची चढण कशी गेली ते तिला कळलंही नाही. एकदम पठार आलं, वाऱ्याने हलणारं, पिवळ्या फुलांनी भरलेलं. तिने इंजिन बंद केलं. डोळ्यांत पाणी का आलं ते तिलाच सांगता आलं नसतं.

भगीरथ धापा टाकत वर आला. "चढली."

"दुसऱ्याच रविवारी चढली असती," श्वेता म्हणाली. आता लपवायचं कशाला? "हे बटण आहे ना, ते मी दाबत नव्हते."

"का?"

"का म्हणजे... तुला कळत नाही?"

तो जीपला टेकला.  "त्या पायरीच्या डाव्या अंगाला," तो हळूच म्हणाला, "गुरांची वाट हाय. रुंद. पायरीबियरी काय नाय. जीप आरामात जाते."

"काय?"

"पयल्याच दिवशी सांगायला पायजे होतं. तुला मागं उतरवलं ना, तवाच सांगनार होतो. मंग म्हनलं... परत येईल."

श्वेताने त्याच्याकडे असं बघितलं की दुसरा कुणी असता तर पळाला असता. "माझं अख्खं काम पणाला लागलं होतं, माहीत आहे?"

"मला नाय माहीत. तू बोलली नायस कधी."

ते खरं होतं. ती बोललीच नव्हती. मग तिला हसू आलं, आणि त्यालाही, आणि दोघं फुलांत उभे राहून मूर्खासारखे हसत सुटले. हसू ओसरलं. टेस्ट झाली होती. आता काय?

"मंग..." भगीरथ म्हणाला.

"मग..." श्वेता म्हणाली.

खालून काकांच्या पिकअपचा हॉर्न वाजला. दोनदा. तिने व्हिडिओ काढला, जीप वळवली आणि निघाली. आरशात तो कितीतरी वेळ उभा दिसत होता. एक शब्द हवा होता, आणि तो दोघांनीही घशात ठेवला. असली माणसं पाहिली की मला त्यांचे कान उपटावेसे वाटतात.

मंगळवारी झेंडूचे हार घालून जीप गेली. गिऱ्हाईक खूश होतं. काकांनी दिलेला शब्द पाळला, गॅरेजची मागची शेड श्वेताला दिली, चावी तिच्या हातात ठेवली. घरी धम्मचक्र प्रवर्तन दिन होता, वंदना झाली, खीर झाली, बाबांनी, महेंद्ररावांनी, चारचौघांत तिचं कौतुक केलं. तिने हसून घेतलं. खीर मात्र गोड लागली नाही.

रविवारी सकाळी ती मुरबाडच्या एसटीत बसली. तिथून पायथ्यापर्यंत माणशी पैसे घेणारी वडाप जीप. वाटेत तिने तीन कारणं तयार केली. एक पाना वर राहिलाय. चढणीची मापं घ्यायचीत. व्हिडिओ नीट आला नाही. पायी चढताना ती तिन्ही मनात घोळवत होती, आणि वर पोचली तेव्हा एकाचीही तिला खात्री वाटेना.

वाडीत भाताची कापणी चालू होती. खाचरात सात-आठ माणसं वाकलेली. सावळीने कपाळावर हात धरून बघितलं.

"गाडी कुठंय गो?"

"गाडी गेली, मावशी. दिली ती."

"मंग तू कशी आलीस? कायतरी ऱ्हायलं का हितं?"

खाचरातली सगळी माणसं उठून बघायला लागली. शेवटच्या टोकाला भगीरथ, हातात विळा, तोंड उघडं. पाना, श्वेताने मनात म्हटलं. पाना म्हण. पण तोंडातून वेगळंच आलं.

"काही राहिलं नाही, मावशी. मी भगीरथला भेटायला आले. मला तो आवडतो."

कुणीतरी खोकलं. सावळीने तिला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं, तिच्या नखांतल्या काळ्या ग्रीसपर्यंत. मग म्हणाली, "मंग उनात काय उभी? सावलीला बस. पानी दे रे तिला."

त्याने पाण्याचा तांब्या आणला. इतक्या घाईत, की अर्धं पाणी वाटेतच सांडलं. दोघं बांधावरच्या आंब्याखाली बसले.

"सगळ्यांच्या फुडं बोललीस."

"तू एकट्यातही नाही बोललास."

"बोलनार होतो. रोज बोलनार होतो," तो म्हणाला. "रात्री पाठ केलं, सकाळी जमलं नाय. तुझ्याबिगर हा आठवडा लई वाईट गेला, श्वेता. मला दुसरं कुनी नकोय."

श्वेताने तांब्या बाजूला ठेवला. मग म्हणाली, "बाबांना सांगून आलेय. कुठे जाते ते, आणि कुणाकडे ते पण."

"काय म्हनले?"

"आधी नुसतेच पेपर वाचत राहिले. बराच वेळ. मग विचारलं, परतीची गाडी कितीची. म्हणजे चिडलेत, पण दार नाही लावलं."

भगीरथने मान हलवली. खाचरातून विळ्यांचा आवाज येत होता, कापल्या भाताचा ओला वास येत होता. तिची बोटं त्याच्या बोटांत कधी गेली ते कुणी बघितलं नाही. बघितलं असेल तर कुणी बोललं नाही.

"फुडच्या रविवारी मी येतो शहापूरला," तो म्हणाला. "तुझ्या बाबांना भेटतो."

"अरे, पण तू कोण, कशाला आलास, विचारतील ते. काय कारण सांगशील?"

"तू मघाशी आईला सांगितलंस तेच," भगीरथ म्हणाला, आणि तिचा हात न सोडता उठून उभा राहिला.