त्याच्या वाटची हळद

मोबाईल खिशात घाला आणि ऐका. ही कुणाकडून ऐकलेली गोष्ट नाही, माझ्या दोस्ताची आहे. धुळ्याचा आधार. देवपुरात राहतो, चांगला जिवंत आहे. खोटं वाटलं तर जाऊन विचारा. फक्त माझं नाव सांगू नका.

दोन वर्षांपूर्वीची अठरा मे. रात्रीचे सव्वाअकरा. त्याच्या पोरीची हळद आटोपली होती आणि उद्याच्या लग्नासाठी बर्फाची लादी आणायला आधार आपली तीनचाकी घेऊन कारखान्यावर गेला. साधं काम. पण एक गोष्ट तो दुपारपासून पोटात दाबून फिरत होता.

त्याचा धाकटा भाऊ प्रशील अंटार्क्टिकावर होता, बर्फात चालणाऱ्या गाड्यांचा मेकॅनिक. बारा दिवसांपूर्वी वादळात बाहेर पडला, तो परतलाच नाही. शोध चालू होता. त्याची बायको साक्षी रात्र-रात्र जागी. नोकरीच्या कागदावर घरचा नंबर म्हणून आधारचा नंबर दिलेला. दुपारी फोन आला. सापडला... गोठलेला.

आधार घरात कुणाला बोलला नाही. लग्न थांबलं असतं ना! उलट साक्षीला म्हणाला, "काही खबर नही. हळदले नाच, पोरले बरं वाटी." बिचारी डोळे पुसत नाचली. वर एका वाटीत हळद काढून ठेवली. म्हणाली, "ही त्यास्ना वाटानी." एवढं बघूनही याचं तोंड उघडलं नाही. मला अजून संताप येतो.

परतताना पांझरेचा पूल लागला. रस्ता मोकळा. मेचा उकाडा, तरी काचेवर आतून धुकं धरलं. आधारनं काच पुसली. बोटं बधिर झाली. मागं लादीवरचं गोणपाट हललं. मग अगदी कानाशी...

"भाऊ... तू तिले सांगं का?"

त्यानं मागं पाहिलं नाही. गाडी पळवली. घर गाठलं. गच्चीवर सगळे झोपलेले. साक्षी तेवढी उठून बसलेली. तिच्या गालावर हळदीची बोटं. तीन पूर्ण. करंगळी अर्धी.

प्रशीलची करंगळी वर्कशॉपात तुटलेली होती. सगळ्या गल्लीला माहीत.

ती रडली नाही. एवढंच म्हणाली, "भाऊ, फोन कव्हय उना व्हता? दुपारलेच ना?"

आधार लादी उतरवायला खाली निघून गेला...

लग्न झालं. साक्षी मांडवात नव्हती. पहाटेच्या गाडीनं ती जळगावला, मेहरूणला माहेरी निघून गेली होती. सोबत ती वाटी.

गेल्या मेमध्ये मी तिला भेटायला गेलो. तिनं पाणीसुद्धा विचारलं नाही. वाटी आणून माझ्या हातावर ठेवली.

"नाना, तुमले बी ठाऊक व्हतं ना?"

होतं. त्या दुपारी आधारनं मला विचारलं होतं. मीच म्हणालो होतो, आधी लग्न उरकून घे.

बाहेर चव्वेचाळीस डिग्री. वाटी इतकी गार, की तळहाताला चिकटली...

बॅटरी इकडे धरा. हा पिवळा गोल दिसतो ना? वर्ष झालं, साबणानं जात नाही. हात लावून बघा.

गार आहे ना?